कोरडं वजन

"उतरा आता खाली! सिस्टर, आजचा मानकरी कोण ते सांगून टाका की," नेमगोंडा अण्णा कॉटवरनं ओरडले.

वजनकाट्यावर माझा धाकटा भाऊ उभा होता, दिगंबर. सिस्टरनं आकडा बघितला, वाकून परत एकदा बघितला आणि म्हणाली, "दिगंबरच. आजपण दिगंबरच."

आधी येऊन मशीनला लागलेल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या म्हणजे काय, एका हातानं मांडीवर थापा मारल्या. डायलिसिसला दुसऱ्या हातातनं रक्त मशीनला जात-येत असतंय, तो हलवायचा नसतो. दिगूनं मुजरा केल्यासारखं वाकून दाखवलं आणि उठताना झोक जाऊन माझा खांदा धरला.

"मानकऱ्याला चढली वाटतं," अण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले.

ही पद्धत आमच्या बॅचची. सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळची बॅच. किडन्या बंद पडल्या की लघवी होत नाही, मग प्यालेलं पाणी जाणार कुठं? अंगातच साठतंय. मशीन ते ओढून काढतं. सगळं पाणी काढल्यावर माणूस जेवढा भरतो ते त्याचं कोरडं वजन. दवाखान्यात ड्राय वेट म्हणायचे. पुढच्या खेपेला त्याच्या वर जेवढं भरलं तेवढं पाणी प्यालास, असा सरळ हिशोब. शनिवार-रविवार खाडा पडायचा म्हणून सोमवारी सगळ्यांची परीक्षा. ज्याचं वजन सगळ्यात कमी वाढलंय तो मानकरी, आणि त्याला खिडकीकडची कॉट. अण्णांनी हे काढलं होतं. शिरोळकडचा बागायतदार माणूस, घरात पाच माणसं हाताखाली, आणि इथं खिडकीच्या कॉटसाठी लहान पोरासारखा भांडायचा.

आमचा दिगू पहिल्यांदा सगळ्यात ढ. पाण्याचा चोरच म्हणा ना. इचलकरंजीत मागावर जॉबर होता, बिघडलेले माग दुरुस्त करायचा. त्या उकाड्यात दिवसभर तांब्यावर तांब्या रिचवायची सवय. आजार आल्यावर मी घागरीवर डोळा ठेवला तर हा कूलरच्या टाकीतलं प्यायचा. एकदा देवापुढचं पाणी संपवलं. मी म्हटलं, "अरे मुडद्या, निदान देवाला तरी सोड!" तर म्हणतो, "अक्का, देवाच्या किडन्या चांगल्या हायत, त्याला काय कळतंय तहान म्हणजे काय."

असला हा माणूस गणपतीच्या आसपास एकदम सुधारला. सोमवारी काट्यावर चढला की आकडा जेमतेम हललेला. डॉक्टर सबनीस राउंडला आले की इतरांना म्हणायचे, "दिगंबरकडून शिका जरा." मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. कारण ऑपरेशन जवळ आलं होतं.

माझी एक किडनी त्याला द्यायची ठरली होती. आईवडील केव्हाच गेले. त्याचं लग्न ठरता ठरता हा आजार आला आणि मुलीकडच्यांनी तोंड फिरवलं. राहता राहिले मी. रक्त जुळलं, सगळ्या तपासण्या पास झाल्या. माझ्या नवऱ्यानं मात्र सही करायला अख्खा उन्हाळा घालवला. वाईट माणूस नव्हे, भित्रा. मी दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि हे पायरीवर बसून तेच तेच दळण दळायचे.

"एका किडनीवर भागतंय म्हणतात. मग देवानं दोन कशाला दिल्या?"

"एक द्यायला," मी म्हटलं.

त्या दिवशी सही झाली. डॉक्टर म्हणाले, दिवाळी झाली की तारीख देऊ. मी दिगूसाठी खोलीला चुना काढून घेतला, नवी गादी भरून आणली. ऑपरेशननंतर त्याला पोटभर पाणी प्यायला मिळणार होतं. तो म्हणायचा, "अक्का, पहिल्या दिवशी विहिरीतच उतरतो बघ."

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मशीनवर पहिल्या तासाभरात आमची माणसं नको ते सगळं खायची. केळं, टोमॅटोची चटणी, शहाळ्याची मलई. घरी खाल्लं तर विष, इथं मशीन लगेच धुऊन काढणार म्हणून चालतंय. दिगू म्हणजे त्यातला राक्षस. पण आता डबा उघडायचा, वास घ्यायचा आणि अण्णांकडं सरकवायचा.

"का रे, चटणी बिघडली काय?" मी विचारलं.

"भूक न्हाई गं."

"तोंडाला लगाम घातलाय त्यानं," अण्णा चटणी मिटकावत म्हणाले. "मानकरी उगीच हुतंय काय माणूस?"

मशीनवरनं उतरल्यावर त्याला हुडहुडी भरायची. संध्याकाळी कणकण, सकाळी काही नाही. दवाखान्यात त्याचं कुणाला नवल नव्हतं. मशीननं बऱ्याच जणांना थंडी वाजते. हाताला इन्फेक्शन असेल म्हणून इंजेक्शनं झाली. ताप जायचा, आठवड्यात परत यायचा.

ऑपरेशनच्या आधी टीबी नाही ना ते बघावं लागतं. खोकला नव्हता, तरी खाकरून खाकरून थुंकी दिली, ती स्वच्छ आली. हातावर सुई टोचली. टोचलेली जागा लाल होऊन फुगली तर टीबीचा संशय, म्हणाले. आम्ही दोघं दिवसातनं दहादा हात बघायचो. काही उठलं नाही. हात सपाट. दवाखान्यातनं येताना मी पाव किलो पेढे घेतले आणि स्टँडवर ओळख ना पाळख अशा बाईला पण एक दिला.

दसऱ्याच्या सुमाराला दिगूला आडवं झोपवेना. तीन उशा घेऊन टेकून बसायचा. चेहरा मात्र भरलेला. शेजारीण म्हणाली, "तब्येत सुधारली की हो दिगूची." छातीचा फोटो काढला तर उजव्या बाजूला पाणी.

"पाणी चोरून प्यालास काय रे?" मी त्याच्यावर चवताळले.

"न्हाई अक्का. आईशप्पत न्हाई."

"खोटं बोलू नको! छातीत काय नळ फुटलाय?"

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

मशीनवर जास्त पाणी ओढायचं ठरलं. ओढायला लागले की याचं बीपी खाली, पायात गोळे, डोळे फिरवायचा. पोटऱ्या दाबून दाबून माझी बोटं दुखायची. हातापायाची सूज जरा उतरली, छातीतलं पाणी जागच्या जागी. शेवटी डॉक्टर सबनिसांनी पाठीतनं सुई घालून ते काढलं, आतल्या पडद्याचा बारीक तुकडाही घेतला. दोन्ही तपासायला गेलं.

रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मालनताई, दिगंबरला टीबी आहे. फुफ्फुसाभोवतीच्या पडद्याला."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "डॉक्टर, दुसऱ्याचा कागद आलाय बघा. थुंकी चांगली आली होती त्याची. हातावर काय उठलं न्हाई. तुमीच म्हणाला होता न्हवं?"

"म्हणालो होतो. थुंकीत दिसला नाही, कारण तो पडद्यात आहे. आणि हातावर उठायला अंगात ताकद लागते. चांगल्या माणसाला टोचलं की अंग चिडतं, फुगतं. ह्याचं अंग इतकं थकलंय, त्याला चिडताच आलं नाही."

"आणि वजन? वजन तर तेवढंच हाय त्याचं!"

 डॉक्टरांनी टेबलावरच्या दोन पाण्याच्या बाटल्या बाजूला सरकवल्या, जशी काय त्यांचीच अडचण होत होती.

"तिथंच फसलो आपण. गेले दोन-तीन महिने त्याचं मांस झडत होतं. जेवढं झडलं तेवढं पाणी त्याच्या जागी साठत गेलं. काटा बेरीज दाखवतो, आत काय आहे ते दाखवत नाही. आपण जुनंच ड्राय वेट धरून चाललो. वजन कमी वाढलं की आपल्याला वाटायचं, हा पाणी कमी पितोय."

"म्हंजे आम्ही टाळ्या वाजवायलोतो ते..."

"मी पण वाजवत होतो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं त्यांच्या अंगावर धावून जावं. पण माणूस समोर मान खाली घालून बसल्यावर कुणाच्या अंगावर जायचं? मी विचारलं, "आला कुठनं हा रोग? घरात कोण खोकत न्हाई. माझा फोटो पण तुमी काढलाय."

"तुमचा फोटो स्वच्छ आहे. डायलिसिसवाल्यांना ह्याचा धोका फार असतो. कधी कधी जंतू वर्षानुवर्षं अंगात निजून असतो. ताकद गेली की उठतो. पूर्वी घरात कुणाला होता का?"

तेव्हा मला आमचे वडील आठवले, बापू. मी शाळेत जायची, दिगू पाळण्यातनं नुकता उतरलेला. बापू भिंतीला टेकून खोकत बसायचे आणि दिगू त्यांच्या मांडीवर झोपायचा. घरात सगळे दमा म्हणायचे. मी पण त्याच अंथरुणात झोपत होते. मला काही झालं नाही. रडू आलं ते याच गोष्टीचं. आईनं खाऊचे दोन वाटे केले की मोठा वाटा मी घ्यायची. एवढा एक वाटा मात्र सगळाच्या सगळा त्याच्याकडं गेला.

"ऑपरेशनचं?" मी विचारलं.

"पुढं गेलं. आधी हा पूर्ण बरा झाला पाहिजे. किडनी बसवल्यावर अंगाची ताकद आम्हीच औषधांनी कमी करतो, नाहीतर अंग नवी किडनी स्वीकारत नाही. आत टीबी ठेवून तसं केलं तर तो आठवड्यात जाईल."

दिगूचं नवं कोरडं वजन ठरवलं. डॉक्टरांनी एकदम खाली आणलं नाही, हळूहळू, दर खेपेला थोडं थोडं पाणी जास्त काढत. आणि पाणी उतरत गेलं तसा माझा खरा भाऊ दिसायला लागला. गाल गेले. गळ्याची हाडं वर आली. दंडाला धरलं की माझी बोटं पलीकडनं मिळायची. शेवटच्या दिवशी काट्यावर चढला तर जुन्या आकड्यापेक्षा सात किलो कमी. सात किलो माणूस आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता आणि आम्ही त्याला खिडकीची कॉट देत होतो.

त्याला कोपऱ्यात पडदा लावून वेगळं ठेवलं. हा तसा पसरणारा टीबी नव्हे असं डॉक्टरांनी सांगितलं, पण बाकीच्यांचीही ताकद तेवढीच. सगळ्यांचे फोटो काढले, सगळ्यांना सुया टोचल्या. पहिल्या सोमवारी काट्यापाशी मानकरी कोण असं कुणी विचारलं नाही. अण्णांचा मुलगा मला बघून रुमाल तोंडाला लावून बाहेर गेला. मी काय म्हणणार? त्याच्या जागी मी असते तर मी पण गेले असते.

गोळ्या मशीनवरनं उतरल्यावर घ्यायच्या, नाहीतर मशीन त्याही धुऊन काढतंय. आधीच मळमळ, त्यावर मूठभर गोळ्या. रिक्षात बसायच्या आधी भडाभडा ओकायचा. एका दुपारी घरी नव्या गादीवर टेकून बसला होता. मी पेज घेऊन गेले तर म्हणाला, "अक्का, तुझी किडनी नको मला."

"बरं. आधी पेज पी."

"चेष्टा न्हाई. हे परत उठलं तर? तुझी वाया जाईल. दाजी मला कधी माफ करायचे न्हाईत."

"माझी हाय न्हवं? मग कुठं घालवायची ते मी बघीन. तुला कोण विचारायलंय?"

"तुला काय झालं तर?"

"मला काय धाड भरलीया? आणि हे बघ दिगू, मी मनानं कवाच दिलीय ती. तुझी ठेव म्हणून पोटात घेऊन हिंडायलोय मी. बरा हो आणि घेऊन जा. लई दिवस झाले, भाडं लावीन."

तो हसला. हसताना खांदे हलले तरी दम लागत होता. मग म्हणाला, "कुठली? उजवी का डावी?"

"डॉक्टर म्हणाले डावी."

त्यानं हात पुढं केला आणि माझ्या कुशीला डाव्या बाजूला पदरावरनं तळवा टेकवला. तळवा कढत होता. "संभाळ बाई," म्हणाला. मला की तिला, मी विचारलं नाही. पेज त्यानं अर्धी प्याली.

औषधाला हळूहळू गुण आला. ताप गेला. थंडी ओसरता ओसरता त्यानं एक दिवस आपणहून भाकरी मागितली, वर लोणी. मी चुलीपुढं बसून रडले आणि भाकरी करपवली, ती पण त्यानं खाल्ली. पडदा निघाला. डॉक्टरांनी त्याचं कोरडं वजन अर्ध्या किलोनं वाढवलं. "हे मांस आहे," ते मला मुद्दाम म्हणाले, "पाणी नव्हे." सिस्टरनं काट्यावरचा आकडा सांगितला. त्या खोलीत वजन वाढल्याचा आनंद पहिल्यांदाच होत होता, त्यामुळं कुणाला काय करावं कळेना. मग अण्णांनी आपली मांडी एकदा थोपटली. त्यांचा चेहरा बारीक झाला होता. म्हणाले, "पोरा, आता लोणी मला पण ठेव जरा."

डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर पावसाळ्यानंतर ऑपरेशनचा विचार करू. माझ्या तपासण्या परत कराव्या लागणार होत्या. मी म्हटलं, आजच करा, आत्ता करा.

दिगू गेला तो त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी. आंघोळ करून, कपडे घालून उंबऱ्यात बसला होता, बोळात पोरं चेंडू खेळत होती ते बघत. मी आत कांड्या भरत होते. त्यानं हाक मारली, "अक्का". नुसतीच, काही हवं असल्यासारखी नव्हे. मी म्हटलं, "आलेऽ". गुंता सोडवून बाहेर आले तर तो चौकटीला टेकून होता आणि डोळे उघडे होते. टीबीनं नव्हे, हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. एवढे दिवस आत जास्तीचं पाणी साठत होतं, त्याचा ताण पडून हृदय मोठं झालं होतं. ते परत लहान झालंच नाही.

अण्णा तेराव्याला आले होते, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. जेवले नाहीत, पाणीही नको म्हणाले. माझ्यापुढं नुसते बसून राहिले आणि जाताना हात जोडले.

याला आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी माझं पोट दुखायला लागलं म्हणून सूनबाई मला सोनोग्राफीला घेऊन गेली. एक कोवळी डॉक्टरीण होती, गोड बोलणारी. पोटावर थंडगार जेल लावून ते यंत्र फिरवत एकेक सांगत होती. पित्ताशयात खडे आहेत, लिव्हर ठीक आहे. मग डाव्या कुशीला यंत्र दाबून म्हणाली, "मावशी, ह्या वयात किडन्या मात्र नंबर एक आहेत हं तुमच्या. दोन्ही."

"एकच माझी हाय," मी म्हटलं. "डावी दिगूची हाय."

तिला वाटलं म्हातारीला काही सुधरत नाही. तिनं यंत्र बाजूला ठेवलं आणि मोठ्यानं, लहान मुलाला विचारतात तसं माझं नाव विचारलं, गाव विचारलं. मी सगळं बरोबर सांगितलं. डोळ्यांतलं पाणी कानात गेलं होतं, तेवढं पदरानं पुसून घेतलं.